तोलून दिले, तोलून घेतले : एज्रा ८ वरून मंडळीच्या दानाची व्यवस्था कशी बसवावी

बायबलच्या जुन्या करारातल्या एज्राच्या पुस्तकातला आठवा अध्याय आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत अर्धाच वाचला जातो. उपासप्रार्थनेच्या दिवशी २१ ते २३ ही वचने हमखास निघतात. यहुदी लोकांना आणि देवाच्या घरासाठी दिलेले सोने-चांदी घेऊन बाबेलहून यरुशलेमेला निघालेल्या एज्रा याजकाने अहवा नदीच्या काठी उपास जाहीर केला. पारसाच्या राजाकडे शिपाई आणि घोडेस्वार मागायची त्याला लाज वाटली, कारण आपला देव आपल्याला सांभाळतो असे तो राजाला आधीच सांगून बसला होता. एवढे झाले की संदेश देणारा थेट नवव्या अध्यायातल्या पापकबुलीच्या प्रार्थनेवर जातो. मधली अकरा वचने, २४ ते ३४, तशीच मागे राहतात. त्यांत चमत्कार नाही की पाठ करावे असे वाक्य नाही. चांदीसोन्याची तोलणी आहे, माणसांची नावे आहेत आणि शेवटी सगळे लिहून ठेवल्याची नोंद आहे.

आमच्या मते मंडळीच्या पैशाबद्दल पवित्र शास्त्रात इतका नेमका उतारा दुसरा नाही. शिपाई न मागणाऱ्या एज्राने तराजू मात्र मागे ठेवला नाही. देवावर भरवसा आणि हिशोब या दोन्ही गोष्टी त्याने एकाच मुक्कामात, एकाच श्रद्धेने केल्या. खानदेशातल्या पुष्कळ मंडळ्यांत दान मोजायला तिघे बसवा म्हटले की लगेच प्रश्न येतो, "पाळकसाहेबांवर भरवसा नाही का?" त्याचे उत्तर या उताऱ्यात आहे. मंडळी नवापूर तालुक्यातल्या पाड्यावरची पंधरा घरांची असो किंवा भुसावळ-जळगावसारख्या शहरातली मोठी, उतारा कसा वाचायचा आणि त्यावरून काम कसे बसवायचे ते पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी : उतारा नीट वाचून घ्या

आठवा अध्याय एकटा वाचू नका. सातवा आणि आठवा मिळून चौसष्ट वचने होतात. मोठ्याने वाचायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. नावांची यादी आली की गाळायची सवय असते, म्हणून ८:१-१४ तीन-चार जणांत वाटून द्या. त्या यादीतले पुरुषच सुमारे दीड हजार भरतात, सोबत बायका-मुले. म्हणजे सोने-चांदी घेऊन जाणारा तांडा केवढा होता ते कळते.

मग फळ्यावर किंवा वहीत रकाने पाडा : कोणी दिले, कोणाच्या हाती दिले, किती, काय सांगून दिले, कोणी घेतले, केव्हा, आणि शेवटी काय केले. उत्तरे फक्त उताऱ्यातूनच भरायची, आठवणीतून किंवा ऐकलेल्या संदेशातून नाही.

देणारे राजा, त्याचे मंत्री, सरदार आणि तिथे राहिलेले इस्राएल लोक (८:२५). घेणारे शेरेब्या, हशब्या आणि त्यांचे दहा भाऊ, हे याजकांच्या प्रमुखांतून निवडलेल्या बारा जणांसोबत सांगितले आहेत. इथे जरा थांबा. ८:१८-१९ पाहिले तर शेरेब्या आणि हशब्या लेवी, म्हणजे याजकांच्या हाताखाली मंदिराची सेवा करणारे, आहेत, याजक नाहीत. म्हणून काही अभ्यासक बारा याजक आणि बारा लेवी असे चोवीस धरतात. आकडा कोणताही धरा, एकाच्या हाती काही दिलेले नाही हे दोन्हींत सारखेच राहते.

किती दिले? साडेसहाशे किक्कार चांदी, शंभर किक्कार वजनाची चांदीची पात्रे, शंभर किक्कार सोने, हजार दारिकांचे (दारिक म्हणजे पारसी सोन्याचे नाणे) वीस सोन्याचे कटोरे, आणि सोन्यासारखी मोलाची, चकाकत्या पितळेची दोन पात्रे. किक्काराचे वजन काळ-प्रदेशानुसार बदलत असे; सुमारे ३० किलो धरले तर नुसती चांदीच साडेएकोणीस टन होते, पात्रे आणखी तीन टन आणि सोनेही तीन टन. बारा जणांत वाटले तर माणशी दोन टनांहून जास्त. एवढे ओझे त्यांनी स्वतः उचलले असेल हे शक्य नाही. वाहायला जनावरे आणि इतर माणसे असणार, पण जबाबदार मात्र नावानिशी ठरलेले. आपल्याकडेही थैली बँकेत कोणी नेली आणि तिचा जाब कोणाला द्यायचा, या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतात.

प्रवास साधारण चौदाशे किलोमीटरचा. पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी बाबेलहून निघाले, बाराव्या दिवशी अहवा नदी सोडली, आणि पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी यरुशलेमेत पोचले (७:९, ८:३१). तिथे तीन दिवस थांबून चौथ्या दिवशी देवाच्या घरात पुन्हा तोलणी झाली. घेणारे चौघे : उरीयाचा मुलगा मरेमोथ याजक, फिनहासाचा मुलगा एलाजार, आणि दोन लेवी, योजाबाद व नोअद्या. देणारे वेगळे, नेणारे वेगळे, घेणारे वेगळे. आणि ३४ वे वचन सांगते की प्रत्येक वस्तू संख्येने आणि वजनाने पाहिली, आणि सगळे वजन तेव्हाच लिहून ठेवले.

दुसरी पायरी : कारण उताऱ्यालाच विचारा

एज्राने तोलून का दिले? चोरीचा संशय होता म्हणून, असे वचन कुठेच म्हणत नाही. २८ आणि २९ वाचा. तुम्ही परमेश्वराला पवित्र आहात, ही पात्रेही पवित्र आहेत आणि सोनेरुपे हे परमेश्वराला स्वेच्छेने दिलेले अर्पण आहे, असे सांगून तो म्हणतो की यरुशलेमेत प्रमुखांसमोर तोलून देईपर्यंत हे सांभाळा. माणसाचे पावित्र्य आणि तोलणी एकाच दमात आली आहेत. ज्याला आपण पवित्र मानतो त्याच्यावर उद्या कोणी बोट दाखवू नये, म्हणून त्याला तोलून द्यायचे.

हे एक मंडळीला पटले की पुढचे सगळे सोपे जाते, म्हणून अभ्यासाचा निम्मा वेळ या दोन वचनांवर द्यायला हरकत नाही. तिघांनी सह्या केलेल्या मोजणीमुळे सगळ्यात जास्त रक्षण होते ते प्रामाणिक खजिनदाराचे. पाच वर्षे एकट्याने थैली सांभाळलेल्या सज्जन माणसाकडे, कोणी विचारले तर, स्वतःच्या शब्दाखेरीज दाखवायला काही नसते. अशा माणसाची पाड्यात कुजबुज सुरू झाली की ती थांबवणे फार कठीण.

तिसरी पायरी : दुसरी वचने शेजारी ठेवा

२ राजे १२ मध्ये योवाश राजाच्या काळी याजक यहोयादाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीच्या उजवीकडे ठेवली. पेटीत पैसा साठला की राजाचा लेखक आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजत आणि थैल्यांत बांधत. याच अध्यायाचे १५ वे वचन हिशोबाविरुद्ध वापरले जाते, कारण त्यात कामगारांना पैसे देणाऱ्यांकडून हिशोब घेत नसत, ते प्रामाणिक होते असे आहे. पण ते वचन मोजून बांधून झालेल्या पैशाच्या पुढच्या टप्प्याचे आहे. शिवाय ६ व्या वचनात आधीची परिस्थिती दिली आहे : राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मंदिराची दुरुस्ती झालीच नव्हती. त्यानंतर पेटी आली.

२ करिंथकर ८:१६-२१ तर आमच्या दृष्टीने एज्राच्याच वाटेवर आहे. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा झालेली वर्गणी नेताना प्रेषित पौल आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी बंधू पाठवतो, आणि कारणही सांगतो : एवढ्या मोठ्या दानाबाबत आम्हाला कोणी दोष लावू नये, प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आम्ही करतो. 'देव बघतो, माणसांना काय दाखवायचे' म्हणणाऱ्यांना पौलाने इथे सरळ उत्तर दिले आहे. योहान १२:६ मधली यहूदा इस्कार्योत या एकाच्याच हाती असलेली, आणि त्याने चोरलेली, थैलीही वाचून घ्या. त्यावर फार बोलायची गरज पडत नाही.

उताऱ्यातून काय काढू नये तेही ठरवा. तीन दिवस थांबले म्हणून आपणही तीन दिवस दान मोजायचे नाही, असा नियम होत नाही. ते का थांबले हे वचन सांगत नाही. बारा हा आकडाही आज्ञा नाही. आणि हिशोब चोख म्हणजे मंडळी चोख, असे तर मुळीच समजू नये. ज्या यरुशलेमेत वजन अचूक भरले तिथल्याच लोकांचे पाप ऐकून एज्रा पुढच्याच अध्यायात वस्त्रे फाडून बसतो.

चौथी पायरी : रविवारची मोजणी

मोजणारे किमान तिघे, एकमेकांच्या घरातले नसलेले. खजिनदार त्यांत नको. तो चौथा, घेणारा. पाळकांनी मोजायला बसू नये, किल्लीही ठेवू नये. मोजणाऱ्यांची नावे तीन महिन्यांची आधी लावून ठेवा आणि पाळी बदलत राहा. तेच तिघे वर्षभर बसले तर तिघांचाही एकच हात होतो.

उपासना संपली की लगेच, मंडळी आवारात असतानाच, दार उघडे ठेवून टेबलावर मोजा. टेबलावर दुसरे काही नको, पिशवी नाही, बायबलाचे कव्हरही नाही. आधी पाकिटे. दशांशाच्या (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या) पाकिटावर आकडा लिहिलेला असतो. दोघांनी मिळून उघडावे आणि आत निघालेली रक्कम पाकिटावरच लाल पेनाने लिहावी. फरक असेल तर निघालेला आकडा धरायचा आणि त्याच आठवड्यात देणाऱ्याला खासगीत सांगायचे. बहुतेक वेळा पाकीट घरी भरताना एक नोट बाहेर राहिलेली असते.

मग सुट्या नोटा मूल्यानुसार लावून पहिल्याने मोजायच्या, दुसऱ्याने पुन्हा मोजायच्या, तिसऱ्याने लिहायचे. पहिल्याने आकडा मोठ्याने सांगू नये. दुसऱ्याची मोजणी झाल्यावर दोघांनी एकदम सांगावे. आकडा आधी कानावर पडला की दुसरा माणूस नकळत तिथेच येऊन थांबतो. नोटांची फोड अशी लिहावी :

५०० × ४ = २,०००
२०० × ६ = १,२००
१०० × २३ = २,३००
५० × १८ = ९००
२० × ३१ = ६२०
१० × ४७ = ४७०
नाणी = १८५
एकूण ₹७,६७५, अक्षरी सात हजार सहाशे पंचाहत्तर फक्त.

खाली तारीख, तिघांच्या सह्या आणि खजिनदाराची 'मिळाले' म्हणून सही. दोन प्रती : एक खजिनदाराकडे, एक पंच कमिटीच्या चिटणीसाकडे. पेन्सिल वापरू नये. चूक झाली तर एका रेघेने खोडून शेजारी सही करावी, गिरवू नये. फाटकी किंवा संशयित नोट निघाली तर तीही फोडीत वेगळी लिहावी, बाजूला काढून ठेवू नये.

सगळ्यात जास्त बिघडते ते यापुढे. मोजून झाले की लगेच कोणी तरी म्हणते, वीजबिल भरायचे आहे, यातूनच द्या. पाहुण्या सेवकाचे गाडीभाडेही त्यातूनच जाते. बँकेत उरलेले जमा होते आणि मोजणीचा कागद व बँकेची स्लिप कायमची वेगळी पडते. एज्राच्या बाराही जणांनी वाटेतला खर्च या सोन्यातून भागवला असता तर यरुशलेमेतल्या तोलणीला काही अर्थ उरला नसता. म्हणून अख्खी रक्कम बँकेत, आणि किरकोळ खर्चाला वेगळी ठरलेली रक्कम, समजा ₹२,०००, खजिनदाराकडे. ती संपत आली की पावत्या दाखवून पुन्हा दोन हजारांपर्यंत भरून घ्यायची. कोणत्याही क्षणी हातातली रोख आणि पावत्या मिळून दोन हजारच भरले पाहिजेत.

सोमवारी किंवा जमेल त्या पहिल्या बँकेच्या दिवशी भरणा करा. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून बँक लांब पडते. तिथे दोन कुलपांची लोखंडी पेटी ठेवा, किल्ल्या दोन घरांत, आणि पंधरा दिवसांतून एकदा बाजाराच्या दिवशी दोघांनी मिळून भरणा करा. स्लिप मोजणीच्या कागदाला टाचून ठेवा. आकडा रुपयाला रुपया जुळला पाहिजे.

पाचवी पायरी : कापणीचे दान

आपल्याकडे उताऱ्यातल्या तोलणीशी सगळ्यात जवळचा दिवस म्हणजे कापणीच्या उपकारस्तुतीचा. नवापूर-नंदुरबारकडे भात, नागली, तूर, मका येतो; जळगाव-धुळ्याकडे दादर (ज्वारी), बाजरी, उडीद, कापूस; रावेर-यावलकडून केळीचे घड. कोंबडा, बोकड, लिंबे, नारळही येतात. रोख काळजीने मोजणारी मंडळीसुद्धा या दिवशी धान्य एका ढिगात ओतते, आणि तिथेच हिशोब संपतो.

दारातच काटा लावा. चार-पाचशे घरांची मंडळी असेल तर दोन काटे. सकाळी काटा तपासा : कंपनीचे बंद पाच किलोचे पीठ ठेवून पाहिले तरी पुरे. रिकाम्या पोत्याचे वजन आधी करून भिंतीवर लिहा, म्हणजे बारदान वजा करताना वाद होत नाही. वहीत क्रमांक, वस्तू, निव्वळ वजन आणि किमान प्रत ('वाळलेला' किंवा 'ओला') एवढे हवेच. देणाऱ्याला क्रमांकाची चिठ्ठी द्या.

ओलावा का लिहायचा ते समजून घ्या, कारण यावरून चांगली माणसे बदनाम होतात. मक्यात २० टक्के ओलावा असताना १०० किलो भरला आणि गोदामात वाळून तो १४ टक्क्यांवर आला, तर काट्यावर ९३ किलोच भरतो. शंभर किलोत कोरडा माल ८० किलो होता, तो तेवढाच राहतो, पाणी उडते. सात किलोंची ही घट कोणी नेलेली नसते. कापसाचेही असेच होते. यावर उपाय दोन : शक्य तो त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात विकून टाकणे, किंवा विकण्यापूर्वी तिघांसमोर पुन्हा तोलून दोन्ही वजने शेजारी लिहिणे. व्यापाऱ्याची काटापट्टी तिसरी. जिवंत जनावर तर त्याच दिवशी विकावे. आठवडाभर ठेवले तर चारा कोणाचा आणि मेले तर तोटा कोणाचा, हा प्रश्न नको.

लिलाव होत असेल तर बोली बोलणाऱ्याच्या शेजारी लिहिणारा हवाच. वस्तू, अंतिम बोली, घेणाऱ्याचे नाव, रोख की बाकी. एक नारळ पाचशेला गेला तर जमा पाचशेच लिहायची. ते प्रेमाने दिलेले दान आहे, नारळाचा बाजारभाव तिथे लागत नाही. बाकीची मुदत पुढचा रविवार, फार तर कापूस विकेपर्यंत, पण तारीख लिहून. आनंदात बोललेली आणि मग राहून गेलेली बाकी पुढच्या वर्षी त्या घराला मंडळीत यायला संकोच वाटायला लावते. म्हणून चिटणीसाने नम्रपणे एकदा घरी जाऊन आठवण द्यावी, व्यासपीठावरून नाव घेऊ नये.

सहावी पायरी : क्यूआर आणि बँक

भिंतीवरचा क्यूआर मंडळीच्या किंवा तिच्या विश्वस्त संस्थेच्या खात्याचाच हवा. खाते नसेल तर तोवर रोखच घ्या; पाळकांच्या किंवा खजिनदाराच्या खासगी खात्याचा कोड 'तात्पुरता' म्हणून लावला की तो निघत नाही, आणि ती रक्कम कागदावर त्या माणसाचे उत्पन्न दिसते. दर रविवारी उपासनेआधी कोड स्कॅन करून नाव बरोबर येते का पाहा, कारण मूळ कोडावर दुसरा कोड चिकटवायला क्षणही लागत नाही. कोणी मोबाइलवर 'पैसे गेले' दाखवले तर तो पुरावा धरू नका; महिन्याच्या पासबुकात जे दिसते तेच जमा.

खाते दोन सह्यांचे असावे आणि सही करणारे एकाच घरातले नसावेत. कोऱ्या चेकवर आगाऊ सही करून ठेवण्याची पद्धत आजच बंद करा. तिने दोन सह्यांचा उपयोगच जातो. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. परदेशी नागरिकाकडून किंवा परदेशातल्या संस्थेकडून आलेला पैसा, लहान असला तरी, विदेशी देणगी नोंदणीशिवाय घेऊ नये. पाहुण्याने प्रेमाने हातात ठेवलेली रक्कमही त्यातच येते. संस्थेचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. लेखापरीक्षण आणि धर्मादाय कार्यालयाचे कागद वेळेत जातात का, हे पंचांनी दरवर्षी विचारलेच पाहिजे.

सातवी पायरी : कशासाठी दिले ते लिहा, मग वाचून दाखवा

७:१७-१९ मध्ये राजाने सांगितले आहे : या पैशातून बैल, मेंढे, कोकरे आणि त्यांची अन्नार्पणे घ्या, उरलेले तुम्हाला योग्य वाटेल तसे वापरा, आणि पात्रे मात्र देवाच्या घरी पोचवा. म्हणजे काही रक्कम ठरलेल्या कामाची, काही मोकळी. आपल्या वहीत यासाठी चार-पाच रकाने पुरतात : सर्वसाधारण, पाळकांचे मानधन, गरीब निधी, इमारत, सुवार्ताकार्य. इमारतीसाठी आलेल्या पैशातून मानधन भागवायची वेळ आली तर पंचांच्या सभेत ठराव करून, उसने म्हणून, परतीच्या तारखेसह. नुसते 'नंतर बघू' म्हणून वळवलेला निधी परत येत नाही.

ऊसतोडीला गुजरातेत जाणारी घरे ज्या मंडळीत जास्त आहेत, तिथे दिवाळीनंतर दान उतरते आणि लोक परतले की चढते. वर्षाचा अंदाज बारा सारख्या महिन्यांत मांडला तर पाळकांचे मानधन नेमके जानेवारी-फेब्रुवारीत अडते. चांगल्या महिन्यांतून तीन महिन्यांचे मानधन बाजूला ठेवा. खजिनदारच तोडीला जाणार असेल तर दिवाळीपूर्वी रीतसर ताबा देऊन जावे. त्याच्याबरोबर किल्लीही गेली की अडचण होते.

हिशोब दर तीन महिन्यांनी वाचावा आणि लोकांच्या बोलीत सांगावा. आकडे प्रमाण मराठीत वाचले आणि म्हाताऱ्या माणसांना मावची, भिली, पावरी किंवा अहिराणीच कळत असेल, तर वाचले काय नि न वाचले काय. कागद दारावर महिनाभर लावून ठेवा. वाचायचे ते एकूण आकडे. कोणी किती दिले ते नाही. दान गुप्तपणे द्यावे हे मत्तय ६:३-४ लक्षात घेता देणाऱ्यांची नावे-रकमा वाचायची चाल आम्हाला मान्य नाही. विधवेची मूठभर नागली आणि बागायतदाराचे पोते एका यादीत ऐकवले की एकाला फुशारी आणि दुसरीला खाली मान घालावी लागते. ज्याला स्वतःचा आकडा पाहायचा त्याला चिटणीसाने वही दाखवावी.

लहान मंडळीत माणसे कुठून आणायची

पाड्यावर सगळेच एका कुळाचे, लिहिणारे दोन. तरी मार्ग आहे. बचत गटातल्या बाया महिन्याच्या महिन्याला सगळ्यांसमोर पैसे मोजतात, पासबुकात चढवतात. त्यांनाच मोजणीला बसवा. लिहिता न येणारी व्यक्तीही नोटा ओळखते आणि मोजते. तिचा अंगठा दोघांच्या सह्यांइतकाच मोलाचा. महिन्यातून एकदा शेजारच्या गावच्या मंडळीतला एक वडील बोलावून वही आणि पेटी जुळवून घ्या, आणि तुमचा एक माणूस त्यांच्याकडे पाठवा.

जुळले नाही तर

आधी दुसऱ्या जोडीने पुन्हा मोजा. फरक ९ ने भागला जात असेल तर बहुधा आकडे उलटे लिहिले गेलेत, ४५० च्या जागी ५४० असे. मग नोटांची फोड तपासा, मग पाकिटे. तरी फरक राहिला तर कागदावर 'फरक इतका' लिहून सह्या करा. खिशातून भरून कागद जुळवू नका, चांगल्या मनानेही नाही, कारण मग खरी गळती कधी दिसतच नाही. सलग दोन-तीनदा फरक आला तर दोन वडिलांनी संबंधिताला एकांतात विचारावे (मत्तय १८:१५-१६). वडिलांवर आरोप असेल तर दोन-तीन साक्षीदारांशिवाय तो ऐकून घेऊ नये (१ तीमथ्य ५:१९). सिद्ध होण्याआधी प्रार्थनेत आडून उल्लेख करणे हीही चहाडीच आहे.

सुरुवात कशी करावी

नवी पद्धत जाहीर करण्याआधी अभ्यासाच्या दोन बैठका घ्या. पहिलीत रकाने भरा. दुसरीत एक किलो दादर तोलून एकाच्या हाती द्या, वजन लिहा, त्याने ती दोन घरांतून फिरवून आणावी आणि दुसऱ्यांनी पुन्हा तोलावी. किलोच भरली तर आणणाऱ्याचा चेहरा पाहा. मग २८ वे वचन वाचा. बदलाची घोषणा पाळकांनी स्वतः करावी आणि त्याच दिवशी आपल्याकडची किल्ली पंचांकडे द्यावी.

एज्राने पैशाबरोबर पात्रेही मोजून दिली होती, म्हणून खजिनदार किंवा पंच बदलतील त्या दिवशी वस्तूंचाही ताबा व्हावा. प्रभुभोजनाचा संच किती पेल्यांचा आणि त्यातले किती फुटलेले, हार्मोनियम, ढोलक, माइक आणि त्यांच्या वायरी, सतरंज्या, मोठी पातेली, जमिनीचे कागद, जुन्या वह्या, पासबुके, कोरे पावतीपुस्तक कोणत्या क्रमांकापासून उरले आहे. पातेली आणि सतरंज्या लग्नांना फिरत असतात, तेव्हा त्या कोणाकडे आहेत तेही यादीत लिहा. जुने दोघे, नवे दोघे, समोरासमोर एकेक वस्तू हातात घेऊन खूण करा. यादीच्या दोन्ही प्रतींवर चौघांच्या सह्या झाल्या की मगच किल्ल्या द्या.